उन्हात गहू मरत नाही, मग दाणा बारीक का राहतो?

२०२२चा मार्च आठवतोय ना, १९०१ पासूनच्या नोंदींमधला भारतातला सगळ्यात तापलेला मार्च होता तो. पंजाब-हरियाणात गहू नेमका दाणा भरायच्या बेतात होता, दाणे बारीक राहिले, उतारा घटला आणि मे महिन्यात सरकारने निर्यातच बंद केली. रोपं काही मेली नव्हती, तरी असं का झालं?

पेशीतली प्रोटीन्स ठराविक घडीत असतील तरच काम करतात. उष्णता वाढली की घडी मोडते आणि ती एकमेकांना चिकटतात, अंड्यातलं पांढरं तव्यावर घट्ट होतं ना तसंच. हे सावरायला रोपाकडे हीट शॉक प्रोटीन्स असतात, आणि एरवी यातलीच काही हीट शॉक फॅक्टर नावाच्या एका स्विचला धरून बसलेली असतात, त्यामुळे तो बंद राहतो. ऊन तापलं, मोडलेली प्रोटीन्स वाढली की हीट शॉक प्रोटीन्स स्विच सोडून तिकडे धावतात, मोकळा झालेला स्विच डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसतो आणि काही मिनिटांत नवीन हीट शॉक प्रोटीन्स बनवणारे जीन्स सुरू होतात. पुरेशी बनली की तीच परत स्विचला धरतात! मला तर ही यंत्रणा फारच सुंदर वाटते. असे जीन्स जागे होताना पहिल्यांदा दिसले ते १९६२च्या आसपास, इटलीचे शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसांना, फळमाशीत.

पण ही सगळी धडपड रोप जगावं म्हणून. दाण्यात स्टार्च बनवणारं एक एन्झाइम उष्णतेला फार नाजूक आहे, ते मंदावतं, शिवाय पीक लवकर पिकतं म्हणजे दाणा भरायला दिवसही कमी मिळतात. भाताचं तर फुलोऱ्यातच बिघडतं, फूल उघडं असताना तापमान तासभर जरी ३५ अंशांच्या वर गेलं तरी बरेच दाणे पोचट निघू शकतात.

म्हणून नुसतं 'उष्णता सहन करणारं वाण' म्हणून भागत नाही, कुठल्या अवस्थेत सहन करणारं ते विचारायला हवं. आफ्रिकन भातात चिनी शास्त्रज्ञांना टीटी१ नावाचा जीन सापडला, तो मोडकी प्रोटीन्स पटापट साफ करायला मदत करतो. दुसरीकडे एका जंगली भातातून डीएनएचा असा तुकडा घेतलाय की फूल सकाळी दीडेक तास आधीच उमलतं, ऊन चढायच्या आत परागण उरकतं. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. गव्हात मात्र हे अवघड, कारण त्याच्यात तीन जीनोम म्हणजे जीन्सचे तीन पूर्ण संच एकत्र आहेत, बहुतेक जीन्सच्या तीन-तीन प्रती, त्यामुळे एक प्रत बदलली तरी बाकीच्या दोन जुनंच काम चालू ठेवतात.