पार्श्वभूमी : सिलिकॉनला अतिनील का दिसत नव्हते

पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बांधलेल्या ‘सूट’ दुर्बिणीने डिसेंबर २०२३ मध्ये आदित्य-एल१ या भारतीय सौरयानावरून सूर्याची अतिनील चित्रे पाठवली. ती टिपली ४०९६ × ४०९६ पिक्सेलच्या सीसीडीने, म्हणजे प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या सिलिकॉनच्या चिपने. सीसीडी आणि अतिनील यांचे मात्र फार काळ जमत नव्हते.

३०० नॅनोमीटरखालचा जवळजवळ सगळा प्रकाश ओझोन आणि हवाच अडवते, म्हणून वर जाणे भाग. ऑक्टोबर १९४६ मध्ये रिचर्ड टाउझी यांच्या चमूने युद्धात हाती लागलेल्या व्ही-२ रॉकेटवरून सूर्याचा अतिनील वर्णपट फिल्मवर घेतला. एप्रिल १९७२ मध्ये जॉर्ज कॅरुथर्स यांचा कॅमेरा अपोलो १६ बरोबर चंद्रावर गेला. तीही फिल्मच, फक्त ती परत आणायला माणसे होती. १९७८ च्या ‘आययूई’ उपग्रहाने टीव्ही कॅमेऱ्याच्या जातीच्या नळ्या वापरल्या आणि १८ वर्षे काम केले.

मग सीसीडी आले, आणि अडचण कळली. अतिनील किरण सिलिकॉनमध्ये जेमतेम पाच-दहा नॅनोमीटर शिरतो. पुढून पाठवला तर तिथल्या सर्किटमध्येच जिरतो. चिप घासून पातळ केली आणि पाठीकडून प्रकाश दिला, तर पाठीवरच्या ऑक्साइडचा धन प्रभार सुटलेले इलेक्ट्रॉन तिथेच धरून ठेवतो.

हबल अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या मुख्य कॅमेऱ्यात यावर केलेला उपाय मला आजही धाडसी वाटतो. एका नळीतून सूर्याचे अतिनील ऊन थेट चिपांवर सोडायचे, म्हणजे पाठीवर ऋण प्रभार साचतो आणि इलेक्ट्रॉन आत ढकलले जातात. पण चिप तापली की हा प्रभार जाणार. आणि थंड भागांवर गोठलेला, अतिनील गिळणारा थर काढायचा तर तापवल्याशिवाय गत्यंतर नाही! १९९३ मध्ये बसवलेल्या पुढच्या कॅमेऱ्यात हा मार्ग सोडून चिपांवर ल्युमोजेनचा लेप दिला. तो अतिनील शोषून दृश्य प्रकाश सोडतो.

पक्का इलाज १९९२ मध्ये नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत सापडला. मायकेल होएंक, शूले निकझाद आणि सहकाऱ्यांनी चिपच्या पाठीवर सिलिकॉनचा नवा स्फटिक वाढवला आणि पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटरवर बोरॉनच्या अणूंचा एकच दाट थर पेरला. याला डेल्टा डोपिंग म्हणतात. इलेक्ट्रॉनांवरची पृष्ठभागाची पकड सुटली, शिवाय हा इलाज तापमानावर अवलंबून राहिला नाही.

तरीही २०१५ च्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील ‘यूव्हिट’ या अतिनील दुर्बिणीमध्ये प्रकाश आधी सिलिकॉनवर पडत नाही. फोटोकॅथोड फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणाचा, इलेक्ट्रॉन करतो, मायक्रोचॅनेल प्लेट त्याची संख्या प्रचंड वाढवते, आणि त्यातून उमटणारा ठिपका सीमॉस ही सिलिकॉनचीच दुसऱ्या प्रकारची चिप मोजते. कारण सिलिकॉनला दृश्य प्रकाश फार चांगला दिसतो, आणि बहुतेक ताऱ्यांचा तोच प्रकाश अतिनीलच्या कितीतरी पट असतो. योग्य फोटोकॅथोड त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. याच यूव्हिटच्या निरीक्षणांतून आयुकाचे कनक साहा यांच्या चमूने २०२० मध्ये ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण दाखवले. ‘सूट’मध्ये सीसीडी चालतो, कारण सूर्याकडून प्रकाशाचा तुटवडा नाही, तिथे नको तो प्रकाश अडवण्याचे काम फिल्टरांवर येते.