विमानाची प्रतिकृती मागवताय? आधी साल सांगा

वडील पहिल्यांदा ज्या विमानाने अमेरिकेला गेले त्याची प्रतिकृती त्यांच्या पंच्याहत्तरीला भेट द्यावी, म्हणून बरेच जण आमच्याकडे येतात. ‘युनायटेडचं ट्रिपल सेव्हन’ (बोईंग ७७७) किंवा ‘पॅन अ‍ॅमचं जंबो’ एवढंच सांगतात. तेवढ्यावर रंग लावता येत नाही, कारण विमान कंपन्याही बदलत गेल्या आणि त्यांचे रंगही.

१९७८ पर्यंत अमेरिकेत राज्याराज्यांमधले हवाई मार्ग आणि भाडी सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षीच्या कायद्याने ते बंधन उठलं आणि स्पर्धेत मोठमोठ्या कंपन्या कोलमडल्या. ब्रॅनिफ १९८२ मध्ये, ईस्टर्न आणि पॅन अ‍ॅम १९९१ मध्ये. टीडब्ल्यूए २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने घेतली, पुढे नॉर्थवेस्ट डेल्टात विलीन झाली.

खरा घोळ युनायटेडचा होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं त्यांचं ट्रिपल सेव्हन वरून करडं, पोटाला गडद निळं, शेपटीवर ‘यू’ अक्षराचं चिन्ह. २०१० मध्ये काँटिनेंटलशी विलीनीकरण झालं. नाव युनायटेडचं राहिलं, पण शेपटीवर काँटिनेंटलचा पृथ्वीगोल आला. दोन्ही विमानं युनायटेडचीच! नेटवरचा पहिला फोटो पाठवून ‘असंच करा’ म्हटलं, की हमखास चूक होते. आणि डेकल (नाव-चिन्हांचे छापील स्टिकर) चिकटवून वर लॅकर मारलं की दुरुस्ती नाही. सगळा रंग खरवडून पुन्हा प्रायमरपासून सुरुवात. म्हणूनच साल लेखी मिळाल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण भेट उघडल्यावर ‘हे माझं विमान नव्हे’ असं वडिलांनी म्हणू नये, एवढ्यासाठी तो आहे.

साल आठवत नसेल तर जुन्या पासपोर्टवरचा शिक्का पाहा. तिकिटाचं अर्धुक किंवा सामानाची चिठ्ठी असेल तर दोन अक्षरी खूण सापडते: पॅन अ‍ॅमची ‘पीए’, टीडब्ल्यूएची ‘टीडब्ल्यू’, नॉर्थवेस्टची ‘एनडब्ल्यू’. ‘१९९२ ला पॅन अ‍ॅमने गेलो’ असं कुणी म्हणालं, तर तिकीट जरूर बघा. पॅन अ‍ॅमचं शेवटचं उड्डाण ४ डिसेंबर १९९१ ला झालं आणि युरोपचे तिचे बहुतेक मार्ग त्याआधीच डेल्टाकडे गेले होते. ते विमान डेल्टाचं असू शकतं.

काहीच सापडलं नाही, तर प्रवाशालाच फोनवर द्या. चारदोन प्रश्नांत आम्ही बहुधा साल काढतो, त्याचे पैसे घेत नाही. सागवानी स्टँडवर नाव आणि प्रवासाची तारीख कोरलेली पितळी पट्टी हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर बसवताना स्टँड उघडावा लागतो.