काळी चौकट की ‘कॅमेरा सापडला नाही’? लॅपटॉपच्या कॅमेऱ्याची दोन वेगळी दुखणी

‘कॅमेरा चालत नाहीये’ या एका तक्रारीखाली दोन निरनिराळी दुखणी असतात. एकात व्हिडिओ कॉलचं ॲप उघडतं, सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचं नावही दिसतं, पण तुमच्या चेहऱ्याच्या जागी काळी चौकट येते. दुसऱ्यात ॲप सरळ सांगतं, कॅमेराच सापडला नाही, आणि जिथे नाव असायचं ती यादी रिकामी असते. पहिल्यात घरात माणूस आहे, पण दार उघडत नाही. दुसऱ्यात हाकेला ओ द्यायला घरात कुणीच नाही. दोन्हींवर एकच औषध चालवायची सवय लागली आहे, ते म्हणजे ड्रायव्हर (सिस्टीमला कॅमेऱ्याशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर) काढा, पुन्हा टाका, नाहीतर विंडोजच नव्याने घाला. पहिल्या दुखण्यात याचा बहुतेक वेळा काडीचा उपयोग नसतो, आणि दुसऱ्यातही तो क्वचितच पहिला उपाय असतो.

फरक का पडतो हे कळायला कॅमेऱ्यापासून ॲपपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा लागतो. स्क्रीनच्या वरच्या कडेला बोटभर लांबीची एक सर्किटपट्टी असते, तिच्यावर सेन्सर आणि लेन्स. तिथून निघालेली बारीक केबल स्क्रीनच्या कडेने खाली येते, बिजागरीतून वळते आणि मदरबोर्डला, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटला, जाऊन मिळते. बहुतेक लॅपटॉपमध्ये हा कॅमेरा आतून चक्क यूएसबीवरच जोडलेला असतो. बाहेरून लावायच्या वेबकॅमसारखाच, फक्त त्याची पिन तुम्हाला दिसत नाही. यूएसबी कॅमेऱ्यांसाठी एक ठरलेलं मानक आहे, यूव्हीसी. त्यामुळे विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघांकडेही त्याचा सर्वसाधारण ड्रायव्हर आधीपासूनच असतो. मदरबोर्डपर्यंत पोचलेलं चित्र मग ड्रायव्हरकडून ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातं, सिस्टीम परवानगी तपासते, आणि शेवटी ते ॲपच्या हातात पडतं.

या रस्त्याच्या पहिल्या अर्ध्यात, म्हणजे पट्टी, केबल, वीज, ड्रायव्हर यांत कुठे तुटलं, तर कॅमेरा बेपत्ता होतो. दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे परवानगी किंवा ॲपमध्ये अडलं, तर कॅमेरा हजर असतो पण चित्र मिळत नाही. एक अपवाद मात्र आहे. लेन्सवर सरकणारं झाकण रस्त्याच्या अगदी सुरुवातीला, सेन्सरच्याही आधी असतं, आणि तरी त्याचं लक्षण दुसऱ्या अर्ध्यासारखं दिसतं. सेन्सर इमानेइतबारे काळोखाचं चित्रण करून पाठवत राहतो.

म्हणून आधी निदान. त्यासाठी कॉलच्या ॲपवर विसंबू नका. काही ॲप्स परवानगी नसतानाही ‘कॅमेरा सापडला नाही’ असंच म्हणतात, आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या उपकरणांची यादी, उघडा आणि ‘कॅमेराज’ हा विभाग आहे का ते बघा. जुन्या मशीनवर तो ‘इमेजिंग डिव्हाइसेस’ या नावाने असतो. विभाग आहे आणि त्याखाली कॅमेऱ्याचं नाव आहे, तर कॅमेरा हजर आहे. मॅकवर सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘कॅमेरा’ नावाची ओळ असते. लिनक्सवर टर्मिनलमध्ये यूएसबी उपकरणांची यादी मागवली की कळतं. विंडोजचं स्वतःचं कॅमेरा ॲपही बऱ्यापैकी खरं बोलतं. त्याच्या एररच्या लांबलचक कोडच्या शेवटी ४२४४ असेल, तर त्याला कॅमेराच जोडलेला दिसत नाहीये. शेवटी ४२४३ असेल, तर कॅमेरा आहे, पण दुसऱ्या कुठल्या तरी ॲपने तो अडवून ठेवला आहे. दोन कोडमध्ये एका आकड्याचा फरक, पण वाटा पूर्ण वेगळ्या.

काळी चौकट

कॅमेरा हजर निघाला तर निम्मी काळजी मिटली, कारण यातली बहुतेक कारणं पैसा न मोडता सुटतात. पहिल्यांदा कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा बघा. लोक तो बघतच नाहीत, आणि खरं तर सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. दिवा लागलेला आहे आणि चित्र काळं आहे, तर बहुतेक वेळा सेन्सर चालू आहे, चित्र वाहतं आहे, फक्त लेन्ससमोर काहीतरी आहे. दिवा लागतच नाही आणि चौकट काळी, तर कॅमेऱ्याला कुणी उठवलेलंच नाही. म्हणजे परवानगी नाही, किंवा ॲपने भलताच कॅमेरा निवडला आहे.

दिवा लागला असेल तर नखाने लेन्सची कड चाचपून बघा. अनेक लॅपटॉपच्या झाकणाची खूण म्हणजे फक्त एक लाल किंवा नारिंगी ठिपका, आणि ते सरकवायची मूठ तांदळाच्या दाण्याहून मोठी नसते. लॅपटॉप पुसताना ती सहज सरकते. वरून चिकटवलेल्या झाकणांचा प्रकार वेगळा. ॲपलने २०२० मध्ये जाहीर सूचनाच दिली होती, की मॅकबुकच्या कॅमेऱ्यावर झाकण लावून लॅपटॉप मिटू नका, स्क्रीनला तडा जाऊ शकतो. स्क्रीन आणि कीबोर्ड यांच्यातली फट इतकी कमी असते, की छपाईच्या साध्या कागदाएवढी जाडी हीच मर्यादा सांगितली गेली.

दिवा लागत नसेल तर परवानगीकडे वळा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली कॅमेऱ्याचं पान आहे आणि त्यावर एकाखाली एक तीन बटणं आहेत: संपूर्ण मशीनसाठी, ॲप्ससाठी आणि खाली, थोडं लपल्यासारखं, ‘डेस्कटॉप ॲप्स’साठी. तिसऱ्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. ब्राउझर आणि व्हिडिओ कॉलची बरीच ॲप्स याच तिसऱ्या गटात मोडतात, आणि या गटातल्या ॲप्सना वेगवेगळं बटण नसतं. सगळ्यांना मिळून एकच. आपल्या ॲपचं नाव वरच्या यादीत शोधण्यात वेळ जातो आणि बंद असतं ते खालचं बटण. मॅकवर २०१८ च्या मोहावे या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला कॅमेऱ्याची वेगळी परवानगी लागते. आणि परवानगी दिल्यावर ते ॲप एकदा पूर्ण बंद करून उघडावं लागतं, नुसती खिडकी मिटून भागत नाही.

ब्राउझरमधून कॉल करत असाल तर परवानगीचा आणखी एक मजला चढावा लागतो. सिस्टीमने ब्राउझरला हो म्हटलं, पण ब्राउझरने त्या विशिष्ट साइटला नाही म्हटलेलं असतं. कधीतरी घाईत ‘ब्लॉक’वर क्लिक झालेलं असतं आणि ब्राउझर ते विसरत नाही. पत्त्याच्या पट्टीतल्या कॅमेऱ्याच्या किंवा कुलपाच्या चिन्हावरून ते बदलता येतं. अँटिव्हायरसमधलं वेबकॅम संरक्षण हाही असाच न विचारता आलेला पहारेकरी. काही लॅपटॉप कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याचा खासगी मोड असतो. तो चालू असला तर काळ्या चौकटीऐवजी रेघ मारलेल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. ते दिसलं की केबल-बिबल विसरा, कुणीतरी जाणूनबुजून कॅमेरा झाकला आहे एवढाच त्याचा अर्थ.

राहिला भलत्या कॅमेऱ्याचा प्रश्न. चेहरा बघून लॉगिन करणाऱ्या लॅपटॉपमध्ये साध्या कॅमेऱ्याशेजारी इन्फ्रारेड कॅमेराही असतो. ॲपने चुकून तो उचलला, तर चित्र भुतासारखं राखाडी येतं किंवा अंधारच दिसतो. रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर स्वतःचा एक आभासी कॅमेरा यादीत टाकून ठेवतात, तोही ॲपला मोहात पाडतो. ॲपच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये नावं बदलून बघायला अर्धा मिनिटही लागत नाही.

कॅमेरा सापडला नाही

इथे प्रश्न परवानगीचा नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावच नसताना प्रायव्हसीची बटणं उघडझाप करत बसण्यात अर्थ नाही. तरीही पहिली तपासणी एका बटणाचीच आहे, आणि याच बटणामुळे दोन्ही दुखण्यांत सगळ्यात जास्त गल्लत होते.

लॅपटॉपवरच्या कॅमेरा-बटणाचे दोन अवतार आहेत. एक लेन्सवर झाकण सरकवतो, म्हणजे चित्र काळं, कॅमेरा हजर. दुसरा कॅमेऱ्याची वीजच तोडतो, आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीने कॅमेरा उपटून काढल्यासारखा नाहीसा होतो. काही लॅपटॉपच्या कडेला असा सरकता खटका असतो. काहींवर वरच्या रांगेतल्या एखाद्या फंक्शन कीवर रेघ मारलेल्या कॅमेऱ्याचं चित्र असतं, आणि ती एफएन धरून किंवा नुसतीच दाबली की काम होतं. आवाज वाढवता-कमी करताना शेजारची की दाबली जाणं काही अवघड नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून ती एकदा दाबून बघा. यादी क्षणभर फडफडून ‘कॅमेराज’ विभाग उगवला, की दुखणं संपलं.

ते नसेल तर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणं दाखवायला सांगा. कॅमेऱ्याचं नाव फिकट दिसलं आणि आत कोड ४५ असला, तर तो पूर्वी होता, आत्ता जोडलेला नाही. नावावर खाली वळलेला बाण आणि कोड २२ असला, तर कुणीतरी तो बंद केला आहे, उजवी क्लिक करून चालू करा. कॅमेऱ्याच्या जागी काहीच नाही, पण यूएसबीच्या विभागात पिवळ्या त्रिकोणासह ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड ४३ बसला आहे, हे चित्र मला सगळ्यात बोलकं वाटतं. तारेच्या त्या टोकाला काहीतरी आहे, त्याला वीजही मिळते आहे, पण ते आपली ओळख सांगू शकत नाही. अडकलेलं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलंच छोटं सॉफ्टवेअर) किंवा ढिली केबल, दोन्हींत हे दिसतं.

फर्मवेअर अडकलं असेल तर पूर्ण वीज काढणं हा खरा उपाय. आणि इथे विंडोजची एक गंमत लक्षात ठेवा. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे नेहमीचं ‘शट डाउन’ हे पूर्ण बंद होणं नसतं. सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत आणला जातो, आजारासकट. त्यामुळे ‘कालपासून तीनदा बंद करून चालू केला’ याला फारसा अर्थ नाही. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर नव्याने सुरू करतो. त्यानेही भागलं नाही तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, बाहेरची उपकरणं काढा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत साठलेली वीज निघून गेली की बरेच रुसलेले कॅमेरे परत बोलायला लागतात. हा उपाय अडाणी वाटतो, पण मी तो ड्रायव्हरच्या आधी करतो.

मग बायॉस, म्हणजे लॅपटॉप चालू होताना विंडोजच्याही आधी उघडता येणारी सेटिंग. तिथे अनेक मशीनमध्ये अंतर्गत कॅमेऱ्याचा चालू-बंद पर्याय असतो. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर तो आयटी विभागाने मुद्दाम बंद केलेला असू शकतो, तेव्हा तिथे हात लावण्याआधी विचारा.

ड्रायव्हरची पाळी आत्ता येते. अपडेटनंतर लगेच बिघडलं असेल तर ‘रोल बॅक’ वापरून आधीच्या ड्रायव्हरवर परत जा, किंवा ड्रायव्हर बदलताना यादीतून ‘यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस’ हा विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडा. काही नव्या लॅपटॉपचे कॅमेरे मात्र यूएसबीवर नसून एमआयपीआय या मार्गाने थेट प्रोसेसरला जोडलेले असतात. त्यांना एक नव्हे, चार-पाच ड्रायव्हरांचा संच लागतो. तो लॅपटॉपच्या कंपनीच्याच पानावरून, मॉडेल नंबर टाकून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका.

शेवटी उरते ती केबल. बिजागरी रोज उघडमिट होते आणि केबल तिच्यातूनच जाते. कॅमेरा ॲप चालू ठेवा आणि स्क्रीन हळूहळू मागे न्या, पुन्हा पुढे आणा. एखाद्या विशिष्ट कोनात चित्र येतं आणि थोडं हलवलं की जातं, उपकरण जोडल्या-तोडल्याचा टुणटुण आवाज येतो, असं झालं तर सॉफ्टवेअरवर आणखी एक मिनिटही घालवू नका. कोनाने काहीच फरक पडत नसेल आणि तरी शंका असेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून बघा, काहीही इन्स्टॉल न करता. तिथे यूएसबी कॅमेरा दिसला तर दोष विंडोजमध्ये, तिथेही नाही दिसला तर दोष तारेत किंवा पट्टीत. एमआयपीआय कॅमेऱ्यांना ही परीक्षा लागू नाही, कारण लिनक्समध्ये ते धडधाकट असूनही अनेकदा चालत नाहीत. विंडोज नव्याने टाकायचा विचार असेल, तर त्याच्या आधी एवढं करून घ्या.

कॅमेऱ्याची पट्टी किंवा केबल बदलायची तर स्क्रीनची चौकट उघडावी लागते, आणि ती हल्ली बऱ्याचदा चिकटवलेली असते. स्क्रीनला काच चिकटवलेल्या मॉडेलमध्ये तर सगळा वरचा भागच बदलायला सांगतात. अशा वेळी बाहेरचा यूएसबी वेबकॅम घ्या. त्याचं चित्र बहुतेक वेळा आतल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलंच असतं, आणि आतला कॅमेरा अजून अधूनमधून यादीत डोकावत असेल, तर तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिसेबल’ करून टाका, म्हणजे ॲप पुन्हा त्याच्याकडे धाव घेणार नाही.