बातमीपत्रातले सांधे

जानेवारीतल्या एखाद्या दिवशी पुण्यात सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा लंडनमध्ये रात्रीचा एक वाजलेला असतो. समजा, पुण्यातल्या घरी आईने चहाचे आधण ठेवून बीबीसीची बातम्यांची वाहिनी लावली आणि तिकडे झोप लागत नाही म्हणून तिच्या मुलानेही तीच वाहिनी लावली. दोघांना दिसणारा निवेदक एकच असेल, त्याचे शब्द तेच असतील आणि त्याच्या पाठीमागचे दालनही तेच असेल. दोघे फोनवर बोलत असतील, तर एकाच्या टीव्हीचा आवाज दुसऱ्याला थोडा मागून किंवा पुढून ऐकू येईल. मग निवेदक ‘पाहत राहा’ असे म्हणतो आणि पुढच्याच क्षणी आईच्या पडद्यावर एखाद्या विमान कंपनीची जाहिरात सुरू होते. मुलाच्या पडद्यावर जाहिरात येत नाही; तिथे वाहिनीचाच एखादा छोटा वृत्तांत किंवा पुढच्या कार्यक्रमाची झलक चालू असते. दोन-अडीच मिनिटांनी दोन्ही पडद्यांवर तोच चेहरा परत येतो आणि बातमीपत्र पुढे सुरू होते. त्याचा एक शब्दही पुण्यात किंवा लंडनमध्ये तुटलेला नसतो.

बातमीपत्र एकच, पण प्रेक्षक दोन, या व्यवस्थेला आपल्याकडे एक चांगला शब्द आहे, सहक्षेपण. आकाशवाणी ऐकत वाढलेल्या पिढीच्या कानात तो आजही आहे. पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या राज्यातली इतर केंद्रे सहक्षेपित करत, आणि दिल्लीहून येणारे मराठी बातमीपत्रही त्याच पद्धतीने घरोघरी पोहोचे. माझ्या लहानपणी दिल्लीचा आवाज जोडला जाण्यापूर्वी क्षणभर शांतता पसरत असे, आवाजाचा पोत किंचित बदलत असे आणि मगच बातम्या सुरू होत. दोन केंद्रांमधला सांधा कानाला कळत असे. १५ ऑगस्ट १९८२ पासून दूरदर्शनने उपग्रहाच्या साहाय्याने राष्ट्रीय कार्यक्रम देशभर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा हाच सांधा डोळ्यांनाही दिसू लागला. आजच्या वाहिन्यांमध्ये तो दिसत नाही, याचे कारण त्यावर फार मेहनत घेतलेली असते.

बीबीसीला ही मेहनत करावी लागली, कारण तिच्याकडे स्वभावाने निराळ्या अशा दोन वाहिन्या होत्या. ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठी ९ नोव्हेंबर १९९७ रोजी ‘बीबीसी न्यूज २४’ सुरू झाली. ब्रिटनबाहेरच्या प्रेक्षकांसाठीची सेवा त्याआधीच, १९९१ मध्ये सुरू झाली होती. १९९५ मध्ये ती ‘बीबीसी वर्ल्ड’ झाली आणि २००८ मध्ये ‘बीबीसी वर्ल्ड न्यूज’. ब्रिटनमधली वाहिनी टीव्हीधारक कुटुंबांकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर चालते आणि तिच्यावर जाहिरात दाखवता येत नाही. परदेशातली वाहिनी मात्र जाहिराती आणि केबल-उपग्रह कंपन्यांकडून मिळणारे पैसे यांवर चालवायची होती. ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटली की प्रेक्षक थोडे उरतात, पण खर्च उरतोच. त्याच वेळी आशिया जागा होत असतो. म्हणून मध्यरात्रीनंतर दोन्ही वाहिन्यांवर एकच बातमीपत्र दाखवण्याची पद्धत रुळली. रात्रीचे कार्यक्रम संपले की ‘बीबीसी वन’ ही ब्रिटनमधली मुख्य वाहिनीही त्याच प्रवाहाला जोडली जाते. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘न्यूजडे’ या बातमीपत्रात तर एक निवेदक लंडनला आणि दुसरा सिंगापूरला बसत असे, कारण लंडनच्या दृष्टीने ते अपरात्रीचे असले तरी त्याचा खरा प्रेक्षक सिंगापूर, मुंबई आणि हाँगकाँगमध्ये सकाळची तयारी करत असे.

असे बातमीपत्र उभारताना आधी सांधे ठरतात, बातम्या नंतर बसवल्या जातात. तासाच्या सुरुवातीची वेळ, मधल्या ब्रेकच्या वेळा आणि अर्ध्या तासाचे ठळक मुद्दे ही ठिकाणे सेकंदापर्यंत पक्की असतात, कारण त्या क्षणी केवळ निवेदकच नव्हे, तर इतर वाहिन्याही प्रवाहात शिरणार किंवा बाहेर पडणार असतात. नियंत्रण कक्षात, म्हणजे पीसीआरमध्ये, निर्मात्याशेजारी बसलेली व्यक्ती सतत उलटी मोजणी करत असते. उदाहरणार्थ, ब्रेक १ वाजून १४ मिनिटांनी अचूक सुरू व्हायचा आहे. त्याआधी ‘पुढे काय पाहाल’ यासाठी २० सेकंद हवेत, म्हणजे ते १:१३:४० ला सुरू झाले पाहिजे. त्याआधीचा वृत्तांत २ मिनिटे २५ सेकंदांचा आहे, म्हणजे तो १:११:१५ ला सुटला पाहिजे. त्याच्या प्रास्ताविकाला २० सेकंद लागतात. याचा अर्थ, त्याआधी बातमीदाराशी चाललेला थेट संवाद १:१०:५५ ला संपलाच पाहिजे, मग बातमीदार कितीही महत्त्वाचे बोलत असो.

ध्वनिचित्रमुद्रित वृत्तांताची लांबी बदलत नाही, जाहिरातीची तर मुळीच बदलत नाही. ताणता किंवा आखडता येणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे जिवंत माणसाचे बोलणे. त्यामुळे सगळ्या कमी-अधिक सेकंदांचा भार शेवटी निवेदकावर येतो. त्याच्या कानातल्या टॉकबॅकवर, म्हणजे नियंत्रण कक्षाशी जोडलेल्या ध्वनिवाहिनीवर, ‘तीस’, ‘पंधरा’, ‘दहा’ असे आकडे येत असतात, आणि ते ऐकत असतानाच त्याला समोरच्याला प्रश्न विचारायचा असतो, उत्तर ऐकायचे असते आणि शून्यावर वाक्य पूर्ण करायचे असते. हे काम वर्षानुवर्षांच्या सरावाने जमते, आणि पडद्यावर त्याची खूणही न दिसणे हेच त्यातले यश असते, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. तासापूर्वीच्या मिनिटात बीबीसीवर वाजणारे डेव्हिड लो यांचे संगीत, ज्यात वेळेचे ठोके गुंफलेले आहेत, तेही याच कामाचे साधन आहे. ते १९९९ पासून वेगवेगळ्या रूपांत वाजत आले आहे. प्रेक्षकाला ते वातावरण तयार करणारे वाटते, तर प्रवाहात शिरू पाहणाऱ्या वाहिनीला ते शिरण्यासाठी रुंद दार उघडून देते.

आता प्रश्न येतो तो प्रत्यक्ष फाटा फुटण्याचा. डिजिटल चित्र प्रवाहात वाटेल तिथे कापता येत नाही. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही टीव्हीचे चित्र परंपरेने सेकंदाला २५ चौकटींचे आहे, म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. या सगळ्या चौकटी जशाच्या तशा पाठवायच्या म्हटल्या तर प्रचंड जागा लागेल, म्हणून संकोचनाच्या तंत्रात अधूनमधून एक पूर्ण चौकट पाठवली जाते आणि मधल्या चौकटींत बहुतांशी फक्त बदल पाठवला जातो. घरातली दुधाची वही आठवावी. एक तारखेला ‘रोज एक लिटर’ असे लिहिलेले असते आणि पुढे केवळ ‘आज अर्धा जास्त’, ‘आज नको’ एवढेच. मधलेच पान फाडून कोणाच्या हाती दिले तर त्याला हिशेब लागणार नाही. तसेच, बदलांच्या मध्येच प्रवाह कापला तर पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसतात. म्हणून सांध्याच्या क्षणी पूर्ण चौकट येईल याची काळजी एन्कोडर, म्हणजे संकोचन करणारे यंत्र, घेतो आणि त्याआधी काही सेकंद प्रवाहात एक अदृश्य सूचना सोडली जाते: अमुक क्षणी येथून बाहेर पडा, इतक्या वेळाने परत या. या सूचनेचे प्रमाणित रूप एससीटीई-३५ या नावाने ओळखले जाते. तो ‘अमुक क्षण’ प्रवाहातल्या वेळखुणांवर मोजला जातो. तिथे एका सेकंदाचे ९०,००० भाग केलेले असतात, म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला ३,६०० येतात.

सूचना प्रवाहाच्या आतच असते, भिंतीवरच्या घड्याळाशी बांधलेली नसते, आणि माझ्या मते या साऱ्या रचनेतली सर्वांत समंजस गोष्ट हीच आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला ७१,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापावे लागते, आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतोच. संकोचन, विस्तारण आणि केबलवाल्याकडची यंत्रणा मिळून हा विलंब काही सेकंदांवर नेतात. मोबाइलवर तीच वाहिनी पाहिली तर तो अर्ध्या मिनिटापर्यंतही जाऊ शकतो. आई आणि मुलाच्या टीव्हीचे आवाज जुळत नाहीत ते यामुळे. घड्याळ पाहून फाटा फोडायचा ठरवला असता, तर कुठे वाक्य अर्धवट तुटले असते आणि कुठे जाहिरातीआधी काळा पडदा आला असता. खूण चित्राबरोबरच प्रवास करत असल्यामुळे ती पाच सेकंद उशिरा पोहोचली, तरी चित्रही तितक्याच उशिरा पोहोचलेले असते. या डिजिटल विलंबाची झळ जुन्या वेळसंकेताला मात्र बसली. बीबीसी रेडिओवर ५ फेब्रुवारी १९२४ पासून वाजणाऱ्या सहा ठोक्यांपैकी शेवटच्या, लांब ठोक्याच्या आरंभी तास भरतो. पण डिजिटल संचावर तो ऐकून घड्याळ लावले, तर ते मागेच राहते.

चित्रावरची अक्षरे वेगळी करणे त्यामानाने सोपे आहे. स्टुडिओतून निघणारे चित्र पट्ट्यांविना, कोरे ठेवता येते आणि वाहिनीचे बोधचिन्ह, घड्याळ, खालून सरकणारी टिकर हे सगळे अगदी शेवटच्या टप्प्यावर, त्या त्या प्रेक्षकासाठी वेगळे चढवता येते. त्यामुळे एकाला लंडनची वेळ दाखवता येते, तर दुसऱ्याला ग्रीनिचची. हवामानाचा भाग, खेळाच्या सामन्यांची दृश्ये (त्यांचे हक्क देशोदेशी वेगवेगळे विकलेले असतात) आणि जाहिराती यांचेही असेच करता येते.

मात्र निवेदकाच्या तोंडचे वाक्य वेगळे करता येत नाही. चित्र, पट्टी, जाहिरात, हवामान या सगळ्यांना फाटा फुटू शकतो, पण बोललेले वाक्य दोन्ही घरांत एकच पोहोचते, आणि म्हणून सहक्षेपणाची खरी कसोटी यंत्रात नसून लेखनात आहे. ‘पंतप्रधान म्हणाले’ हे शब्द लंडनमध्ये पुरेसे आहेत, पण दिल्लीत आणि ढाक्यात ते वेगळ्या माणसाकडे बोट दाखवतात. ‘या देशात’, ‘आज रात्री’, ‘उन्हाळ्याच्या सुटीत’ हे शब्द निरुपद्रवी वाटतात, पण सिडनीतला उन्हाळा डिसेंबरात येतो, आणि ‘तासाला ठळक बातम्या’ हे वचनसुद्धा भारतात अर्ध्या तासाला खरे ठरते, कारण आपली वेळ ग्रीनिचहून साडेपाच तास पुढे आहे. मराठी वाहिन्यांनाही हे नवे नाही. मुंबईहून निघालेले बातमीपत्र पणजी, बेळगाव, इंदूर आणि बडोद्यातही पाहिले जाते, आणि त्यात नुसते ‘मुख्यमंत्र्यांनी सांगितले’ असे म्हटले की पणजीतल्या प्रेक्षकाला क्षणभर विचार करावा लागतो.

यावर उपाय म्हणून ‘ब्रिटनचे पंतप्रधान’ असे म्हटले, तर लंडनमधल्या प्रेक्षकाला आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखे वाटते. शिवाय बाहेरच्यासाठी दिलेले प्रत्येक स्पष्टीकरण घरच्या प्रेक्षकाच्या वेळेतून जाते, आणि वर पाहिलेल्या उलट्या मोजणीत चार सेकंदही कुठून तरी काढावे लागतात. हीच ओढाताण बातम्यांच्या निवडीतही होते. रेल्वेचा संप, नगरपालिकेचा कर, एखाद्या रुग्णालयाची चौकशी अशा बातम्या जगाला नको असतात, पण ज्याच्या गावात त्या घडतात त्याला दुसरे काही इतके महत्त्वाचे नसते. ३ एप्रिल २०२३ रोजी बीबीसीने दोन्ही वाहिन्या एकत्र करून ‘बीबीसी न्यूज’ ही एकच वाहिनी केली, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठी घटना घडल्यास तिथल्या प्रेक्षकांसाठी प्रवाह वेगळा करण्याची सोय राखून ठेवली. ती सोय आवश्यकच होती. पण मोठी म्हणता येणार नाही अशी, तरीही जवळची असलेली बातमी त्या फाट्यापर्यंत पोहोचत नाही, याची खंत मला वाटते. दिल्लीचे बातमीपत्र आणि पुण्याचे प्रादेशिक बातमीपत्र अशी दोन्ही ठेवण्याची आकाशवाणीची जुनी मांडणी या बाबतीत अधिक न्याय्य होती.

८ सप्टेंबर २०२२ रोजी लंडनमध्ये संध्याकाळी साडेसहाला बीबीसीने राणी एलिझाबेथ यांच्या निधनाची घोषणा केली, आणि ती बीबीसी वन, ब्रिटनमधली बातम्यांची वाहिनी आणि जगभरची वाहिनी या तिन्हींवर एकाच वेळी गेली. राजवाड्याचे निवेदन दोनच वाक्यांचे होते: राणीचे आज दुपारी बॅल्मोरल येथे शांतपणे निधन झाले, राजे आणि राजपत्नी आज संध्याकाळी बॅल्मोरल येथेच राहतील आणि उद्या लंडनला परततील. ते निवेदन वाचून दाखवताना त्यातला ‘आज’ बदलता येणार नव्हता. मुंबईत ते ऐकले गेले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि सिडनीत पहाटेचे साडेतीन वाजून नऊ तारीख लागलेली होती.