इन्सुलिनचा जोडीदार

उपाशीपोटीची शुगर ११०, आणि दुपारी भाकरी, भरलं वांगं, वर आमटी-भात झाला की दोन तासांनी २६०. सांगलीत कुठल्याही लॅबबाहेर रिपोर्ट उघडून बघणाऱ्यांना असे आकडे नवे नाहीत. जेवणाआधीचं इन्सुलिन वेळेवर घेतलेलं असतं. युनिट वाढवावेत तर वजन वाढतं, आणि एखाद्या दिवशी चारच्या सुमारास शुगर लो होऊन दरदरून घाम फुटतो.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जेवणाच्या वेळी एकटं इन्सुलिन सोडत नाहीत. त्याच्याबरोबर अमायलिन नावाचं आणखी एक हार्मोन येतं. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवतं. अमायलिन ती रक्तात येण्याचा वेग आवरतं. जठरातलं अन्न हळूहळू पुढे सरकतं, यकृताला साखर सोडायला लावणारं ग्लुकागॉन दबतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो. टाइप टू मधुमेहात बीटा पेशी थकल्या की दोन्ही हार्मोन कमी पडतात. आपण भरून काढतो ते मात्र एकच. नळ सोडून ठेवायचा आणि मोरीचं भोक मोठं करत बसायचं, असला हा प्रकार.

मग अमायलिनच का टोचत नाहीत? माणसाच्या अमायलिनचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात, त्यामुळे ते औषध म्हणून टिकत नाही. उंदराचं तसं चिकटत नाही, कारण त्याच्या साखळीत मोक्याच्या जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल आहे. हीच युक्ती उचलून ३७ अमिनो आम्लांच्या मानवी साखळीत ३ ठिकाणी प्रोलीन बसवलं आणि प्रॅमलिन्टाइड तयार झालं. २००५ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही जेवणाचं इन्सुलिन घेणाऱ्यांसाठीच.

खरी जोखीम वेळेची आहे. इन्सुलिन कामाला लागलेलं आणि भाकरी अजून जठरातच, असं झालं तर पहिल्या ३ तासांत शुगर धोकादायक उतरू शकते. म्हणून सुरुवातीला डॉक्टर जेवणाचं इन्सुलिन निम्म्यावर आणतात आणि रोज वारंवार शुगर तपासायला सांगतात. दोन्ही औषधं एका सिरिंजमध्ये भरायची नाहीत, टोचायची जागाही वेगळी. जेवणात निदान ३० ग्रॅम कर्बोदकं नसतील तर ही सुई घ्यायचीच नाही. संकष्टीला नुसत्या ताकावर राहणाऱ्याने ती टाळायची. साबुदाण्याची खिचडी मात्र चांगलं भरपेट जेवण धरायची, उपासाची असली तरी! मधुमेहाने जठराची हालचालच मंदावली असेल, तर हे औषध देत नाहीत.

फायदा? एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, साधारण अर्ध्या टक्क्याने उतरतं, वजन थोडं घटतं. सुरुवातीला मळमळ होते. एवढ्यासाठी प्रत्येक जेवणाला आणखी एक सुई कोण टोचून घेणार? आठवड्याला एकदाच घ्यायची जीएलपी-वन गटातली (आतड्यातल्या त्या नावाच्या हार्मोनसारखं काम करणारी) औषधं आली आणि प्रॅमलिन्टाइड मागे पडलं. अमायलिनची कल्पना मात्र मागे पडली नाही: आठवड्यातून एकदाच घ्यायच्या कॅग्रिलिन्टाइड या अमायलिनसारख्या औषधाच्या चाचण्या जीएलपी-वन गटातल्या सेमाग्लुटाइडच्या जोडीने झाल्या आहेत.