पंखाचं टोक वर का वळलं?

ओझरला उतरणाऱ्या बहुतेक एअरबस ए-३२० विमानांच्या पंखांची टोकं वर वळलेली दिसतात. एटीआर-७२ या छोट्या विमानाचा पंख मात्र सरळ संपतो. नाशिककरांना दोन्ही ओळखीची, पण या फरकामागे शंभराहून अधिक वर्षांचा हिशेब आहे.

उडताना पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. टोकाशी खालची हवा उलटून वर येते आणि भोवरा तयार होतो. तो भोवरा इंजिनाचंच इंधन खातो; विमान जड आणि वेग कमी असताना सर्वांत जास्त. टोकाला उभी फळी लावून तो अडवायची कल्पना इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी १८९७ मध्येच मांडली होती. पण साध्या फळीवर हवेचं घर्षण वाढतं आणि कमावलेलं तिथेच जातं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर नासाच्या रिचर्ड व्हिटकम्ब यांनी फळीऐवजी नीट घडवलेला छोटा पंखच, म्हणजे विंगलेट, उभा केला. १९७६ च्या त्यांच्या अहवालानुसार भोवऱ्यामुळे होणारा रोध सुमारे २० टक्क्यांनी घटला. पंखाच्या मुळाशी तेवढाच ताण येईल इतका पंख नुसता लांबवला, तर त्याच्या निम्माही फायदा मिळत नव्हता.

ताण हा शब्द इथे कळीचा आहे, आणि नेमका तोच बोलण्यात सुटतो. विंगलेटचं स्वतःचं वजन हा खर्चाचा एक भागच. पेरूची फांदी खोडाजवळ दाबली तर हलत नाही, शेंड्याला धरली की वाकते. तसंच टोकाकडे उचल वाढली की पंख मुळाशी जास्त वाकू पाहतो. मग आतल्या तुळया भक्कम कराव्या लागतात आणि ते वजन प्रत्येक फेरीत वाहावं लागतं.

पंख लांबवायला विमानतळावरची जागाही आड येते. ए-३२० च्या गटातल्या विमानांना ३६ मीटर रुंदीची मर्यादा आहे. विंगलेटसह ते ३५.८ मीटर भरतं. एटीआरचा पंख मुळातच लांब-अरुंद, फेऱ्या छोट्या, त्यामुळे तिला गरज कमी.

अंतराचा हा हिशेब बोइंगने उघडच मांडला. लांब पल्ल्याच्या ७४७-४०० ला विंगलेट दिले, पण जपानमधल्या छोट्या, गर्दीच्या फेऱ्यांसाठी बनवलेल्या ७४७-४००डी वर ते लावलेच नाहीत.