लाफिंग गॅस, दंतोपचारातील

दंतोपचाराची धास्ती घेतलेल्या रुग्णाला शुद्धीवर ठेवूनच शांत करण्यासाठी नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे मिश्रण नाकावाटे देण्याची पद्धत. ग्रंथांत या वायूला हास्यवायू म्हटलेले आढळते. पुण्याच्या दवाखान्यांत डॉक्टर, रुग्ण आणि पालक सगळेच ‘लाफिंग गॅस’ म्हणतात. हसू प्रत्यक्षात क्वचितच येते. या पद्धतीत पूर्ण भूल दिली जात नाही. रुग्ण बोलतो, ‘तोंड मोठं उघडा’ म्हटले की उघडतो, आणि त्याच्या गिळण्याच्या व खोकण्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत राहतात. दुखणे थांबवण्याचे काम हिरडीत दिलेल्या सुन्न करण्याच्या इंजेक्शनाकडेच असते. ते इंजेक्शन घेण्याइतका धीर वायूमुळे येतो. धास्ती घालवणे आणि वेदना घालवणे यांतला हा फरक न पाळल्याने पद्धतीच्या उगमाविषयीच्या लेखनात बराच घोळ झाला आहे.

इतिहास : हा वायू प्रथम इंग्रज रसायनज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी तयार केला, याबद्दल दुमत नाही, वर्षाबद्दल आहे. बहुतेक संदर्भग्रंथ १७७२ हे वर्ष देतात, काही १७७४ ते १७७६ या काळाकडे झुकतात. नायट्रिक ऑक्साइड हा वायू ओलसर लोहकिसाच्या सान्निध्यात ठेवला असता उरणाऱ्या वायूत मेणबत्ती अधिक मोठ्या ज्योतीने जळते, असे प्रीस्टली यांना दिसले होते. प्रयोगांची सुरुवात १७७२ च्या सुमारास झाली आणि हा एक वेगळा वायू असल्याचे स्पष्ट वर्णन नंतरच्या काही वर्षांत आले, असे मानल्यास दोन्ही पक्षांची संगती लागते. प्रस्तुत नोंदीत हेच मत ग्राह्य धरले आहे.

ब्रिस्टल येथे टॉमस बेडोज यांच्या वायुचिकित्सा संस्थेत काम करीत असताना हंफ्री डेव्ही यांनी १७९९ मध्ये हा वायू स्वतः हुंगून पाहिला. त्या काळी अक्कलदाढेमुळे त्यांची हिरडी सुजली होती आणि वायू घेतल्यावर ते दुखणे काही वेळ कमी झाल्याचे त्यांनी नोंदवून ठेवले. फार रक्तस्राव होत नसलेल्या शस्त्रक्रियांत याचा उपयोग करता येईल, अशी सूचनाही त्यांनी १८०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. ती सूचना चार दशके तशीच पडून राहिली. दरम्यान हा वायू जत्रा-जलशांतील करमणुकीचे साधन बनला.

१० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे गार्डनर क्विन्सी कोल्टन यांनी असाच एक जाहीर प्रयोग केला. वायू घेतलेल्या सॅम्युएल कूली नावाच्या गृहस्थांच्या पायाला जखम झाली, पण त्यांना ती जाणवली नाही. प्रेक्षकांत बसलेले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी हे हेरले. दुसऱ्याच दिवशी कोल्टन यांनी वायू दिला आणि जॉन रिग्ज यांनी वेल्स यांची दाढ काढली. जानेवारी १८४५ मध्ये बॉस्टन येथे वेल्स यांनी केलेले प्रात्यक्षिक मात्र फसले. रुग्ण ओरडला आणि जमलेल्यांनी ही भोंदूगिरी असल्याचे ठरवले. वायूची पिशवी वेळेआधीच बाजूला घेतली गेली, असे वेल्स यांनी पुढे लिहिले आहे. रुग्णानेही नेहमीपेक्षा कमी दुखल्याचे सांगितले होते, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, विल्यम मॉर्टन यांनी त्याच शहरात ईथरचे यशस्वी प्रात्यक्षिक केले आणि श्रेय त्यांच्याकडे गेले. जॉर्जियातील क्रॉफर्ड लाँग यांनी ईथर १८४२ मध्येच वापरले होते, पण ते प्रसिद्ध केले १८४९ मध्ये. वेल्स यांनी जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात आत्महत्या केली. अमेरिकन दंतवैद्य संघटनेने त्यांचे श्रेय १८६४ मध्ये मान्य केले.

वेल्स, मॉर्टन की लाँग हा वाद अजूनही रंगतो. परंतु तो शुद्धिहरणाच्या (भूल देऊन बेशुद्ध करण्याच्या) श्रेयाचा वाद आहे, प्रस्तुत विषयाचा नव्हे. वेल्स आणि १८६३ पासून हा वायू पुन्हा प्रचारात आणणारे कोल्टन हे दोघेही निव्वळ नायट्रस ऑक्साइड, ऑक्सिजन न मिसळता, रुग्ण बेशुद्ध होईपर्यंत देत. त्यातील काही परिणाम वायूचा, तर काही सरळसरळ ऑक्सिजनच्या अभावाचा होता. आजच्या पद्धतीचा धागा शोधायचा तर तो शिकागोचे एडमंड अँड्र्यूज यांच्यापासून धरावा लागतो. त्यांनी १८६८ मध्ये वायूत ऑक्सिजन मिसळण्याचा पुरस्कार केला. रशियात स्तनिस्लाव क्लिकोविच यांनी १८८१ मध्ये ८० टक्के नायट्रस ऑक्साइड व २० टक्के ऑक्सिजन यांचे मिश्रण बाळंतवेणांसाठी वापरले. दंतवैद्यकात जागेपणीच्या या अवस्थेची रीतसर मांडणी, तिच्या पातळ्या आणि मात्रा हळूहळू वाढवण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकन दंतवैद्य हॅरी लांगा यांनी रूढ केले. आज शिकवली जाते ती पद्धत त्यांच्याशी अधिक जवळची आहे.

भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लोरोफॉर्म या हुंगवून भूल देण्याच्या द्रवाचा बोलबाला होता. त्याच्या सुरक्षिततेबद्दल १८८८ व १८८९ साली हैदराबादेत एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन आयोग भरले. दाबाखालील वायूंची ने-आण करण्यापेक्षा बाटलीतले द्रव्य वापरणे सोपे होते, हे क्लोरोफॉर्मच्या बोलबाल्यामागचे एक साधे कारण. पुढे १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन हे जागा सुन्न करणारे औषध तयार झाले आणि दाढ सुन्न करून काढणे इतके सोपे झाले, की केवळ वेदनेसाठी वायू वापरण्याची गरज दंतवैद्यांना उरली नाही. वायू परतला तो भीतीवरचा उपाय म्हणून, मुख्यतः लहान मुलांच्या दातांवर उपचार करणाऱ्यांकडे.

गुणधर्म व क्रिया : नायट्रस ऑक्साइड रंगहीन असून त्याला मंद गोडसर वास असतो. अमोनियम नायट्रेट सु. २५० अंश से. पर्यंत काळजीपूर्वक तापवून तो तयार करतात. तो स्वतः पेटत नाही, पण ज्वलनाला मदत करतो. रक्तात तो फारच थोडा विरघळतो (रक्त-वायू विभाजन गुणांक ०·४७). म्हणून त्याचा अंमल दोन-तीन मिनिटांत चढतो आणि तितक्याच लवकर उतरतो. शुद्धिहारक म्हणून तो दुबळा आहे. निम्म्या रुग्णांत शस्त्रक्रियेच्या वेळची हालचाल थांबवण्यास लागणारे त्याचे प्रमाण सामान्य वातावरणीय दाबाला १०० टक्क्यांहून अधिक, सु. १०४ टक्के येते. योग्य ऑक्सिजन दिल्यास या एकट्या वायूने पूर्ण भूल देता येत नाही आणि हा दुबळेपणाच दंतवैद्याच्या पथ्यावर पडतो. वेदनाशमन मेंदूतील अफूसदृश द्रव्ये स्रवल्याने व एनएमडीए ग्राही (चेतापेशींवरील संदेश स्वीकारणारे रेणू) अडवले गेल्याने होते, तर धास्ती कमी होण्याचा संबंध गॅबा या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींशी जोडला जातो.

हा वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. त्यामुळे द्रव शिल्लक असेपर्यंत दाबमापकाचा काटा हलत नाही आणि द्रव संपताच झपाट्याने खाली येतो. सिलिंडर किती रिकामा झाला ते वजनावरूनच कळते. २० अंश से. ला दाब सु. ५१ बार असतो. वायूचे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर कितीही दाबले तरी तो द्रवरूपात राहत नाही ते तापमान) ३६·५ अंश से. आहे आणि पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. गच्चीखालच्या किंवा पश्चिमेकडच्या खोलीत ठेवलेल्या सिलिंडरमध्ये अशा वेळी द्रव असा राहतच नाही, दाब बराच वाढतो. म्हणूनच समशीतोष्ण देशांत ०·७५ असलेले भरणगुणोत्तर (भरलेल्या वायूचे वजन व सिलिंडरात मावणाऱ्या पाण्याचे वजन यांचे गुणोत्तर) उष्ण देशांत ०·६७ ठेवतात. भारतात या सिलिंडरचा रंग निळा, तर ऑक्सिजनचा काळा व खांद्याला पांढरा असतो. दोहोंच्या जोडणीच्या खुंट्यांची जागाही वेगळी असते, म्हणजे चुकून अदलाबदल होऊ नये.

कार्यपद्धती : प्रथम नाकावर मऊ मुखवटा बसवून काही मिनिटे निव्वळ ऑक्सिजन देतात. मग नायट्रस ऑक्साइड १० टक्क्यांपासून सुरू करून मिनिटामिनिटाने ५ ते १० टक्क्यांनी वाढवतात. बहुतेकांना ३० ते ४० टक्के पुरते. ५० च्या पुढे सहसा जात नाहीत. यंत्रातच अशी योजना असते, की ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊ शकत नाही आणि ऑक्सिजन संपला तर दुसरा वायू आपोआप बंद होतो. ओठांना, बोटांना मुंग्या येणे, अंग हलके व उबदार वाटणे, आवाज लांबून आल्यासारखे वाटणे ही योग्य मात्रेची लक्षणे होत. मळमळ, घाम किंवा असंबद्ध बडबड सुरू झाली तर मात्रा जास्त झाली असे समजून ती कमी करतात. शेवटी निदान तीन ते पाच मिनिटे पुन्हा निव्वळ ऑक्सिजन देतात. कारण रक्तातून फुप्फुसांत वेगाने परतणारा वायू तेथील ऑक्सिजन विरळ करतो, हे १९५५ मध्ये फिंक यांनी दाखवले होते. हा ऑक्सिजन देऊन झाल्यावर मोठा माणूस बहुधा स्वतः घरी जाऊ शकतो, हा या पद्धतीचा गोळ्या किंवा शिरेतून द्यायच्या औषधांवरचा मोठा फायदा.

मुलांच्या बाबतीत यंत्राइतकेच बोलणे महत्त्वाचे असते. सांगणे, दाखवणे, मग करणे हा क्रम बालदंतवैद्य पाळतात. विमान चालवायचे आहे, हा मुखवटा लाव, असे सांगून कितीतरी मुले खुर्चीत बसवली जातात. मूल हात-पाय झाडत असेल, मुखवटा नाकाला टिकूच देत नसेल, तर या पद्धतीचा उपयोग नाही. ती सहकार्याला तयार पण घाबरलेल्या मुलासाठी आहे. माप घेताना उमासे येणाऱ्या मोठ्या माणसांनाही ती उपयोगी पडते. नाक चोंदलेले असल्यास वायू जाणारच कसा? पावसाळ्यात सर्दीमुळे मुलांच्या ठरलेल्या वेळा पुढे ढकलाव्या लागतात त्या यामुळेच. गर्भारपणाचे पहिले तीन महिने, फुप्फुसाचा जुना विकार, नुकतीच झालेली कानाच्या पडद्याची किंवा डोळ्यात वायू भरलेली दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया, छातीच्या पोकळीत साठलेली हवा, आतड्याचा अडथळा या अवस्थांत ती टाळतात.

ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न : पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत या मुद्द्याला ओळ-दोन ओळी मिळतात. पुण्यात तो अधिक जागेस पात्र आहे. नायट्रस ऑक्साइड ब-१२ मधील कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करून ते निकामी करतो. त्यामुळे मेथिओनीन हे अमिनो आम्ल तयार करणारे विकर (एन्झाइम) बंद पडते आणि चेतातंतूंच्या आवरणाची देखभाल व रक्तपेशींची निर्मिती यांवर परिणाम होतो. १९५६ मध्ये डेन्मार्कमध्ये धनुर्वाताच्या रुग्णांना कित्येक दिवस हा वायू दिल्यावर अस्थिमज्जा दबल्याचे लासेन व सहकाऱ्यांनी नोंदवले. १९७८ मध्ये लेझर यांनी मज्जारज्जूचा विकार जडलेले जे रुग्ण वर्णन केले, ते बहुतेक दंतवैद्य होते आणि त्यांतील बहुतेकांनी वायू नशेसाठी घेतला होता. एकदाच दिलेल्या भुलीनंतर असा विकार उद्‌भवल्याची उदाहरणे आहेत, पण ती आधीच ब-१२ ची छुपी कमतरता असलेल्यांची.

आणि ही कमतरता पुण्यात विरळ नाही. के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ ची पातळी कमी आढळली; शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहार हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. ताक-दह्याने थोडीफार भर पडते, पण चहातल्या दुधापुरतेच दूध घेणाऱ्याला ते पुरत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत पातळी आणखी घसरते. अर्थात ७० टक्के वायू दिला असता माणसातील संबंधित विकराची क्रिया निम्म्यावर यायला पाऊण तास लागतो. दंतवैद्याच्या खुर्चीत मात्रा त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि काळ बहुधा अर्ध्या तासाचा असतो. निरोगी मुलाच्या एका दाढेसाठी रक्ततपासणी मागणे अतिरेकी ठरेल. हातापायाला मुंग्या, पंडुरोग, वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या, अशी पार्श्वभूमी असलेल्या प्रौढाला एकापाठोपाठ एक रूट कॅनलसाठी वारंवार वायू द्यायचा असेल, तर आधी पातळी पाहून घेणे हेच शहाणपणाचे, असे मत येथे नोंदवावेसे वाटते.

पुण्यातील प्रसार : बालदंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या पद्धतीचा समावेश असल्याने शहरातील दंत महाविद्यालयांतून (धनकवडीचे भारती विद्यापीठ, पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील इ.) शिकून बाहेर पडणारे बालदंतवैद्य तिच्याशी परिचित असतात. खाजगी दवाखान्यांत ती मुख्यतः मुलांच्या दवाखान्यांत दिसते. यंत्र, दोन वायूंचे सिलिंडर आणि साठवणुकीचे नियम यांमुळे गल्लीतल्या एका खुर्चीच्या दवाखान्याला ती परवडत नाही. सिलिंडरविषयक नियमांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते.

कर्मचाऱ्यांची सुरक्षितता : रुग्णाने सोडलेला वायू शोषून घेणारी नळी मुखवट्याला नसेल, तर तो खोलीतच फिरतो. अशा खोल्यांत आठवड्याला पाच किंवा अधिक तास काम करणाऱ्या दंत-साहाय्यक स्त्रियांत गर्भधारणेला विलंब होत असल्याचे रोलंड व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले; शोषणनळी असलेल्या ठिकाणी तसे आढळले नाही. अमेरिकेतील व्यवसायजन्य सुरक्षेची शिफारस दहा लाखांत २५ भाग अशी आहे. वातानुकूलनासाठी खिडक्या कायम बंद ठेवणाऱ्या दवाखान्यांत हा मुद्दा अधिक गंभीर ठरतो. नळीतून बाहेर सोडलेला वायूही नाहीसा होत नाही. तो वातावरणात शतकाहून अधिक काळ टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापवर्धक क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सु. २७३ पट धरली जाते.